डोळ्यांवर पट्टी बांधून काय कळते?



परीक्षेच्या दिवसांत मुलांची झोप याविषयी तुमची पुष्कळ पत्रे आली आहेत. त्यांना उत्तरे पुढच्या वेळी. आज मला एक चूक सांगायची आहे. चूक माझीच आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट नीट समजणार नाही.

माझे माहेर गोंदिया जिल्ह्यातले, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातले. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून दूरदूरचे लोक वाघ पाहायला येतात. त्या गाड्या ज्या रस्त्याने धूळ उडवीत जातात, त्याच रस्त्याला आमची वस्ती आहे. धानाची बांधी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपाने, घरी विड्या, नाहीतर गवंड्याच्या हाताखाली काम. अशा घरांतली ही मुले.

३ डिसेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ पासून अपंग व्यक्तींचा दिवस म्हणून ठरविलेला आहे. गेल्या वर्षी वस्तीतल्या महिला मंडळाने मला निरोप पाठविला, "बाई, पोरांसाठी काही कार्यक्रम घ्या." मी उत्साहाने गेले. जाताना घरातले सगळे जुने रुमाल आणि कापूस पिशवीत भरून नेला. विहारासमोरच्या अंगणात तीसेक मुले जमली होती. निम्म्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि सांगितले, विहाराच्या दारापासून बोअरिंगपर्यंत चालत जा. काहींचा एक पाय बांधून लंगडीची शर्यत लावली. काहींच्या कानांत कापूस घातला. मुले धडपडली, एकमेकांवर आदळली, खूप हसली. एका मुलाचे गुडघे फुटले. शेवटी सगळ्यांना बसवून मी विचारले, "सांगा, काय वाटले?"

पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. डोळे पुसत म्हणाली, "बाई, आंधळं होण्यापेक्षा मेलेलं बरं."

आणि आम्ही टाळ्या वाजविल्या! पोरीला किती कळले, किती कळवळा आला, असे आम्हाला वाटले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मागे भिंतीला टेकून एक गृहस्थ बसले होते. पासष्टीच्या आसपासचे, वस्तीत सगळे त्यांना मामाजी म्हणतात. लहानपणी देवी आल्या आणि त्यांची दृष्टी गेली. भारतातून देवीचा रोग १९७५ नंतर नाहीसा झाला, पण तो जाता जाता ज्यांचे डोळे घेऊन गेला त्यांच्यातले हे एक. मुलपणी त्यांना नागपूरला अंधांच्या शाळेत घातले होते. तिथे ते ब्रेल शिकले, खुर्च्यांना केन विणायला शिकले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मले दिसत नाही, पण ऐकू तर येते. या पोट्ट्यांनी दहा मिनिटं पट्टी बांधली. दहा मिनिटांत मीही पडलोच होतो. त्यानंतरचं साठ वर्षांचं काही विचाराल का नाही?"

मी काही बोलणार, तोच एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा सहावीत आहे. मघाशी त्यालाही आम्ही पट्टी बांधून पळविले होते. त्या म्हणाल्या, "माह्या पोराले सिकलसेल आहे. त्याचं दुखणं दाखवाले कोणती पट्टी बांधसान, बाई?"

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

पुढे वाचनात आले की ही चूक माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात आर्येल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अभ्यासक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासून पाहिले होते. २०१४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांनी थोडा वेळ डोळ्यांवर पट्टी बांधून कामे केली, त्यांना नंतर अंध माणसे इतरांपेक्षा अधिकच असमर्थ वाटू लागली. अंध माणूस नोकरी करील, एकटा राहील, यावरचा त्यांचा विश्वास घटला. विचार केला तर साधी गोष्ट आहे. पट्टी बांधलेल्या मुलाला कळतो तो अंधत्वाचा पहिला दिवस. काठी कशी धरायची, पावलांचा आवाज कसा ओळखायचा, मोहाचे झाड कुठल्या वासाने सापडते, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मग त्याच्या हाती भीती आणि दया एवढेच लागते. आणि दयेचे काय मोल असते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पाणी वरून ओतून देणाऱ्यांनाही आपली दया येतच होती.

म्हणून दुसऱ्या वेळी पट्ट्या घरीच ठेवल्या आणि मामाजींच्याच घरी जाऊन विचारले, "तुम्ही पोरांना शिकवाल का?" ते म्हणाले, "शिकवीन. पण रडू नका म्हणा." जानेवारीतल्या एका रविवारी बैठक त्यांच्या ओसरीवर झाली.

लुई ब्रेल याची गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगितली, कारण ती आपल्या घरांतली वाटते. ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे गावात तो जन्मला. बाप चामड्याची खोगिरे आणि लगाम बनविणारा कारागीर. तीन वर्षांचा लुई बापाच्या हत्यारांशी खेळत असता टोकदार हत्यार डोळ्यात गेले. जखम चिघळून दुसराही डोळा गेला. पुढे पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा ठिपक्यांची लिपी रचली. ती लिपी लिहायची कशी, तर जाड कागदाला टोच्याने टोचून! ज्या जातीच्या हत्याराने डोळे गेले, त्याच जातीच्या हत्याराने अंधांना अक्षर मिळाले. ही गोष्ट ऐकून एक मुलगा उठून घरी गेला आणि आजोबांची आरी घेऊन आला. भारतीय भाषांसाठी याच ठिपक्यांवर भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरले, आणि मराठीही त्यातच लिहितात.

तुम्हालाही हे घरी करता येईल. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, खाली घडी केलेले घोंगडे ठेवा. सहा ठिपके दोन उभ्या ओळींत असतात, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. 'क' म्हणजे १ आणि ३. 'म' म्हणजे १, ३, ४. 'ल' म्हणजे १, २, ३. झाला 'कमल'! एक मेख मात्र आहे. टोचताना कागदाच्या मागच्या बाजूने टोचतो आणि उमटलेले वाचतो पुढच्या बाजूने. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि ठिपकेही उलटे. मुलांनी पहिल्यांदा सगळे सुलटे टोचले. मामाजींनी बोट फिरवून गंभीरपणे विचारले, "हे कोणत्या देशाचं आहे?" त्या दिवशीही मुले पोट धरून हसली, पण हसण्यात फरक होता. या वेळी अडाणी ठरत होती ती डोळस मुले.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि केन विणायला दिला. कोणाचे भोक चुकले ते बोटाने सांगायचे. मे महिन्यात तेंदूपानाच्या दिवसांत बायको आणि सुना पाने तोडून आणतात आणि मामाजी घरी बसून पुडे बांधतात, एका पुड्यात ७० पाने, मोजणी बोटांवर. फळीवर त्यांचा पुडा कधी परत येत नाही, असे शेजारीण सांगत होती. मुले त्यांच्या दारावरून रोज जात होती, पण हे त्यांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते.

यानंतर गोष्ट आपोआप पुढे गेली. वस्तीत एक ताई आहेत, पोलिओने पाय गेलेले, तीनचाकी सायकलवर फिरतात आणि शिवणकाम करतात. मुले त्यांच्याकडे गेली. त्यांनी पहिलाच नियम सांगितला, विचारल्याशिवाय माझी सायकल ढकलायची नाही. त्या विहाराच्या कार्यक्रमाला दरवेळी अंगणातच का थांबतात, हे कोणी विचारले नव्हते. मुलांनी टेप घेऊन पायऱ्या मोजल्या. चार पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे उंची दोन फूट. चाकाच्या खुर्चीला चढायला सोपा उतार हवा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. दोन फुटांना चोवीस फूट! अंगण आहे पंधरा फुटांचे. मग उतार मध्ये वळवावा लागेल आणि वळणावर सपाट जागा ठेवावी लागेल. हे गणित मुलांनी जमिनीवर खडूने आखून काढले आणि त्यांच्यातल्या एकाच्या गवंडी वडिलांनी ते तपासले. दुसऱ्या दिवशी तीच पोरे टेप घेऊन गावातल्या एका सरकारी इमारतीचा उतार मोजून आली. दोन फूट उंची, लांबी सहा फूट. "बाई, त्याच्यावरून बैलही घसरल!" शाळेतल्या भागाकाराचा असा उपयोग मी तरी पाहिला नव्हता.

आता त्या सहावीतल्या मुलाविषयी. त्याच्या आईच्या प्रश्नाने माझी खरी झोप उडविली होती.

सिकलसेल हा आजार विदर्भात जुना आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या या रक्तदोषाविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात लिहिले होते. आपल्या बौद्ध समाजात, गोंड आणि इतर आदिवासींत, शिवाय इतरही जातींत तो आढळतो. पण ज्याला होतो त्याचे अपंगत्व दिसत नाही. हातपाय धडधाकट, डोळे चांगले. मग पोरगा ढोंग करतो, आळशी आहे, अभ्यास चुकवतो, असे म्हणतात. या मुलाला शाळेत सारखे पाणी प्यायला आणि लघवीला जातो म्हणून उन्हात उभे केले होते. त्याला जे मुळीच करू नये ते हेच!

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असा शब्द आहे. त्या मुलाची आई म्हणते, शब्द कोणताही लावा, पण पोराला ढोंगी म्हणू नका. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाची तपासणी करून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र घ्यावे. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते, तरी तपासणी करून घ्यायला संकोच करू नये.

पण मुलांना हे कसे दाखवायचे? वेदना तर करून दाखविता येत नाही, आणि येऊही नये. मी त्या मुलाच्या आईवडिलांना आणि त्यालाही आधी विचारले, तुमच्या घराचे नाव घ्यायचे का? आईवडील म्हणाले, घ्या. मुलगा म्हणाला, "मी असल्यावर घ्या. माझ्या माघारी नाही." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तसे चारपाच देठ आणले. मुलांनी एका देठातून ज्वारीचे दाणे सोडले, सरसर खाली आले. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचे नखाएवढे, विळ्याच्या आकाराचे तुकडे कापले आणि दाण्यांत मिसळून सोडले. चारपाच गेले, पुढचे अडकले आणि त्यांच्यामागे ज्वारीही अडकली. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नसांतून वाकून निघून जातात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात आणि नसेत अडकतात. जिथे अडकतील तिथे रक्त पोहोचत नाही आणि भयंकर कळा येतात, हाडांत, पाठीत, छातीत, पोटात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. मग मी देठात पाणी ओतायला सांगितले. अडकलेले काही तुकडे सुटले. "म्हणून तो पाणी पितो," एक मुलगी हळूच म्हणाली. मला पुढे समजावण्याची गरजच पडली नाही. (खरे शरीर काही पपईचा देठ नव्हे, पण पाणी कमी पडले की त्रास वाढतो हे खरे आहे. तसाच तो थंडीने, तापाने आणि फार दमण्यानेही वाढतो. ताप आला तर घरी काढा करीत बसू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत.)

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. हा मोठ्यांनी मुलांपेक्षा लक्ष देऊन पाहिला. चिंचोका फोडून दोन फाका केल्या की एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी, चौसरासारख्या खेळांत आपण त्या टाकत आलो आहोत. एक फाक आईची, एक बापाची. दोघेही वाहक आहेत असे धरा. वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याच्यात एक गुण चांगला, एक सिकलचा, आणि तो साधारणपणे धडधाकट असतो. मुलाला प्रत्येकाकडून एकेक गुण मिळतो. दोन्ही फाका टाका. दोन्ही पांढऱ्या पडल्या तर मुलाला आजार. एक पांढरी, एक तपकिरी पडली तर मूल वाहक. दोन्ही तपकिरी तर काहीच नाही. शंभर वेळा टाकले तर पंचविसेक वेळा दोन्ही पांढऱ्या यायला हव्यात. चिंचोका नाण्यासारखा सरळ पडत नाही, म्हणून हिशेब पक्का पाहायचा तर रुपयाची दोन नाणी घ्या.

एक आजी पाहत होत्या. म्हणाल्या, "मंग एक पोरगं आजारी झालं की पुढचे तीन चांगले?" ही चूक शिकलेली माणसेही करतात. मी त्यांच्याच हातात फाका दिल्या. त्यांनी टाकल्या, दोन्ही पांढऱ्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा पांढऱ्या! चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक बाळंतपणाला तोच चारात एक धोका. आणि आईबापांपैकी एकच वाहक असेल, दुसऱ्याचे रक्त चांगले असेल, तर एकाही मुलाला हा आजार होत नाही, काही मुले फक्त वाहक होतात. म्हणून लग्न ठरविण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही रक्ततपासणी करावी. फक्त मुलीची नव्हे! पहिली साधी तपासणी, त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाची पक्की तपासणी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे ठरले आहे. तपासणीचे कार्ड जपून ठेवा.

त्याच आजी नंतर हळू आवाजात म्हणाल्या, मागल्या जन्मीचं काही असेल. जुन्या समजुती आपण सोडल्या म्हणतो, पण दुखणे घरात आले की त्या मागच्या दाराने येतात. त्यांना उत्तर मुलांनी दिले, कारण मी ते आधी सांगितले होते. हा गुण जिथे मलेरिया फार होता अशा मुलखांत टिकला, आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्या जंगलपट्टीत. ज्या लहान मुलांच्यात एकच सिकलचा गुण होता त्यांना मलेरियाने मरण्याचा धोका कमी होता, म्हणून ती जगली, वाढली, त्यांना मुले झाली. आपले पूर्वज डासांच्या रानात तग धरून राहिले, त्याची ही खूण आहे. पाप कसले?

शेवटी मी त्या मुलाला विचारले, "तुझ्यासाठी आम्ही काय करावे?" माझ्या मनात होते, खेळात त्याला पंच करू, गुण लिहायला देऊ. बरे झाले मी आधी बोलले नाही. तो म्हणाला, "मी खेळतो. फक्त मधात थांबतो. थांबलो तर टीममधून काढू नका." बाकीची मुले थोडा वेळ गप्प होती. मग त्यांच्या कप्तानाने विचारले, "थांबशील तेव्हा हात वर करशील?" "करीन." ठरले.

मुलांनी आणखी एक गोष्ट स्वतःच केली. शाळेत सगळ्यांनीच पाण्याची बाटली बाकावर ठेवायची, म्हणजे त्याची एकट्याची दिसणार नाही. त्याचे वडील आणि मंडळाच्या दोन भगिनी मुख्याध्यापकांना भेटून आल्या, डॉक्टरांची चिठ्ठी देऊन आल्या. उन्हात उभे करणे बंद झाले आहे. थंडीतली सकाळची कवायत त्याला अजून करावी लागते. त्यासाठी पुन्हा जायचे आहे.

डिसेंबरात "मेलेलं बरं" म्हणणारी ती पोर आता शनिवारी मामाजींच्या ओसरीवर असते. खुर्चीची एक बाजू तिने विणून पूर्ण केली. दोन भोके चुकली होती, मामाजींनी ती उसवायला लावली, ती चिडली आणि दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

विहाराच्या उतारासाठी सिमेंटची सहा पोती जमली आहेत. गिट्टी एका बांधवाने द्यायचे कबूल केले आहे. रेती अजून यायची आहे.